वाचताना माणूस हलत नाही

तक्रार अशी होती:
वाचनकक्षातला एसी भर दुपारी आपोआप बंद पडतो.
ग्वाल्हेर, मे महिना, बाहेर सेहेचाळीस,
लश्करात लू अशी की रिक्षावाल्यांनीही
तोंडाला ओले गमछे बांधलेले.
मी लॅपटॉप घेऊन जिना चढले.

आत पुणतांबेकर.
समोर मोडी कागदांचा रुमाल सोडलेला,
डोळ्याशी भिंग, मान स्थिर.
छताच्या कोपऱ्यातल्या सेन्सरला
वीस मिनिटं हालचाल दिसली नाही,
त्यानं नियमाप्रमाणे ठरवलं: खोली रिकामी.
"अधूनमधून हात हलवतो मी," ते म्हणाले,
"कुणाला निरोप द्यावा तसा.
पण ओळ लागत आली की विसरतो.
वाचताना माणूस हलत नाही हो."

पलीकडच्या दालनात कागदांना
रात्रंदिवस बावीस अंश.
ते दोनशे वर्षं हललेले नाहीत,
तरी आहेत असं धरून चाललोय आम्ही.

खरं सांगायचं तर ही यंत्रणा माझी लाडकी.
जुना कंप्रेसर जीव खाऊन धावायचा, नाहीतर धाडकन थांबायचा,
दिवे मिचमिचायचे, साऱ्या गल्लीला कळायचं.
हा चालतो, उतारावर सायकल सोडावी तसा.
पहाटे चारला, हवा जरा मऊ असताना,
भिंती गार करून ठेवतो.
दगड जाड आहेत, अकरापर्यंत उधारी पुरते.
जानेवारीत धुकं काचेला नाक लावून उभं असतं
तेव्हा तेच यंत्र उलटं फिरतं,
बाहेरच्या तीन अंशांतूनही चिमूटभर ऊब काढून आणतं.
बिल एकतीस टक्क्यांनी उतरलं.
तो आकडा मी सभेत मोठ्यानं वाचला होता.
आता जिन्यात थांबून हिशेब केला:
त्यातला किती पुणतांबेकरांच्या घामाचा?

सेन्सर बदलला.
नवा हालचाल बघत नाही, हवेतला श्वास मोजतो.
रिकाम्या खोलीत सव्वाचारशे,
माणूस बसला की आकडा हळूहळू चढतो.
"म्हणजे आता नुसतं असलं तरी चालेल?"
मी म्हटलं, चालेल.

महिन्याभरानं घरी आलेख बघत होते.
रात्रीचे दोन. वाचनकक्ष: सहाशे चाळीस.
काल सहाशे दहा. परवाही तसंच.
सातला कुलूप लागतं, वहीत सही असते.
सेन्सर बिघडला म्हणून सकाळीच गेले.
बिघडला नव्हता.
मोडीच्या कोशामागे दाढीचा ब्रश,
खिडकीच्या दांडीवर वाळत घातलेला पंचा,
टेबलाच्या काचेवर कपाळाएवढा धूसर ठसा.
ते चहा घेऊन आले, दोन कप.
म्हणाले, "गच्चीखालीच खोली आहे माझी.
रात्री अकराला तिच्या भिंतीला हात लावून बघा एकदा."
एवढंच. मग चष्मा पुसत बसले.

नियमानं मला कळवायला हवं होतं.
आलेखाखाली शेऱ्याची जागा असते.
मी लिहिलं: रात्रीच्या नोंदी तपासल्या, सेन्सर बरोबर.
आणि रात्रीची मर्यादा बत्तीसवरून
अठ्ठावीसवर आणली, पंखा मंद.
बचत साडेतीसवर आली.
वरून फोन: अर्धा टक्का कुठे गेला?
म्हटलं, शोधतेय.

अजूनही कधी कधी दोन वाजता उघडते तो पडदा.
सहाशे वीस. सहाशे तीस.
जूनच्या शेवटी एका रात्री रेष
सरळ सव्वाचारशेवर उतरली
आणि मी अंथरुणात उठून बसले.
मग वाटलं, वारा पडलाय गार,
खिडकी उघडली असेल त्यांनी.
असेलच.
तरी झोप नाही.

सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी आकडा हलला.
चारशे तीस.
मग चारशे चाळीस.